सोसायटीच्या रंगकामाचे ठिपके गाडीवर पडलेत? थिनर हातात घ्यायच्या आधी हे वाचा

पावसाळा संपला की सोसायट्यांच्या रंगकामाला सुरुवात होते. परांची बांधली जाते, 'वाहने हलवावीत' असा कागद नोटीस बोर्डावर लागतो आणि तो कुणी वाचायच्या आत वरून रंग उडायला लागलेला असतो. दोन दिवसांनी बॉनेटवर हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं.

रोलरचे थेंब मोठे असतात, निदान लगेच दिसतात तरी. स्प्रे गनचं तसं नाही. कॉम्प्रेसरची हवा रंगाचे अगदी बारीक तुषार करते. त्यातले काही भिंतीला लागतच नाहीत, वाऱ्यावर जातात आणि अर्धवट सुकून खाली बसतात. त्यामुळे बिल्डिंगपासून लांब लावलेली गाडीही यातून सुटत नाही. फुटपाथवर ग्रील रंगवणाऱ्याच्या शेजारी गाडी लावली तरी हेच होतं.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे हे ठिपके गाडीच्या रंगात मुरलेले नसतात. गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो, ठिपके त्याच्यावर चिकटून बसतात. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जेमतेम निम्मा. उडालेल्या रंगाने गाडीचं जेवढं नुकसान होतं, त्यापेक्षा जास्त तो रंग काढण्याच्या घाईत होतं, ते या पातळ थरामुळेच.

म्हणून आधी पेंटरला विचारा, रंग कोणता आहे? भिंतींना बहुतेक वेळा पाण्यात कालवलेलं इमल्शन असतं. ताजं असेल तर शॅम्पूचं पाणी आणि मऊ कापड पुरतं. सुकलं असेल तर ओला टॉवेल थोडा वेळ पसरून ठेवायचा, थेंब मऊ पडतात आणि नखाच्या कडेने निघतात. ग्रीलला लावतात तो ऑइल पेंट जास्त चिवट. टू-पॅक म्हणजे हार्डनर मिसळलेला पीयू किंवा इपॉक्सी असेल तर एकदा पक्का झाल्यावर तो घरगुती उपायांना दाद देत नाही. तिथे सरळ डिटेलिंगवाल्याकडे जा.

गाडी धुऊनही खरखर राहिली तर क्ले बार वापरा. ही मळलेल्या कणकेसारखी एक वडी असते, ऑनलाइन किंवा कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मिळते. दोन हातांएवढा भाग शॅम्पूच्या पाण्याने चांगला ओला करायचा, वडी चपटी करून हलक्या हाताने सरळ पुढे-मागे फिरवायची. जोर लावायचा नाही. वर आलेले कण वडी ओढून घेते, हाताला ते जाणवतंही. मळलेली बाजू आत दुमडून पुन्हा सुरू करायचं. वडी जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्या; धुऊन वापरण्याचा मोह होतो, पण तिला चिकटलेली वाळू पुढच्याच फेरीत चरे काढते. काम झालं की वॅक्स लावा, कारण जुनं वॅक्स यात निघून जातं.

मॅट फिनिशच्या बाईकवर क्ले नको. घासलेली जागा चमकायला लागते आणि ती चमक परत घालवता येत नाही.

आता थिनर. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये पहिला सल्ला हाच मिळतो. कंपनीचा भट्टीत पक्का केलेला रंग एखादा हलका हात सहन करेलही, पण अपघातानंतर बाहेर रंगवलेला दरवाजा असेल तर मूळ रंगच कापडावर येऊ शकतो. हेडलाइट आणि इंडिकेटरच्या प्लास्टिक कव्हरला तर थिनर लावूच नका, ते धुरकट होतं किंवा त्यात बारीक तडे जातात. कोरड्या कापडाने खसाखसा पुसणं आणि भांड्यांची घासणी, हेही तितकंच वाईट.

काचेचं काम मात्र सोपं आहे. काच ओली करा, नवं ब्लेड होल्डरमध्ये बसवून तिरकं धरा आणि एकाच दिशेने ढकला. ब्लेड मागे ओढायचं नाही, कडेच्या रबराला लागू द्यायचं नाही. हे फक्त बाहेरच्या बाजूने. मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या रेषा आतून असतात, तिथे ब्लेड गेलं तर त्या तुटतात. काच साफ होईपर्यंत वायपरही चालवू नका, खरखरीत ठिपक्यांवर त्याचं रबर खराब होतं.

हे सगळं करण्याआधी एक काम आहे: फोटो. गाडीचे, परांचीचे, नोटिशीचेही. ते जोडून सोसायटीला आणि कंत्राटदाराला लेखी कळवा. ठिपके काढल्यावर दाखवायला काही उरत नाही. विम्याचा विचार असेल तर पॉलिसीत काय बसतं ते आधी विचारा आणि हिशोब मांडा. एका क्लेममुळे नो क्लेम बोनस जातो, आणि हा बोनस 20 ते 50 टक्क्यांपर्यंतचा असतो. डिटेलिंगचं बिल त्यापेक्षा कमी असेल तर ते कंत्राटदाराकडूनच मागून घेतलेलं परवडतं.