दाराच्या फटीतून चालवलेला छापखाना

मैत्रिणींनो, पणजोबांचं नाव आपल्याला पाठ असतं, पण पणजीचं? परवा बचत गटाच्या बैठकीत मी हे विचारलं, तर पंधरा जणींतून दोघींनाच सांगता आलं. म्हणूनच आज ॲना झेंगर या बाईची गोष्ट सांगावीशी वाटते.

१७१० साली जर्मनीच्या पॅलॅटिनेट भागातून हजारो गोरगरीब माणसं इंग्लंडमार्गे न्यूयॉर्कला निघाली. मागे लढाया, हाडं गोठवणारी थंडी आणि उपासमार होती. जहाजांवर तापाची साथ पसरली आणि शेकडो माणसं वाटेतच गेली. योहाना झेंगर नावाच्या बाईचा नवराही त्यातच गेला. परक्या मुलखात, पदरात तीन लेकरं घेऊन ती उतरली. थोरला पीटर जेमतेम तेरा वर्षांचा. सरकारने अशा मुलांना कारागिरांकडे करारावर ठेवलं. पीटर आठ वर्षांसाठी छापखान्यात गेला आणि तिथेच खिळे जुळवायला शिकला.

पुढे त्याने ॲना कॅथरीनाशी लग्न केलं. १७३३ मध्ये त्याचं ‘न्यूयॉर्क वीकली जर्नल’ सुरू झालं. गव्हर्नर कॉस्बीच्या मनमानी कारभारावर त्यात सडकून टीका असे. लिहिणारे मोठे वकील पडद्याआड राहत आणि छापणाऱ्याचं नाव मात्र उघड! १७ नोव्हेंबर १७३४ रोजी पीटरला अटक झाली. जामिनाची रक्कम इतकी मोठी होती, की ती भरणं त्याच्या ऐपतीबाहेरचं होतं.

आता घर, मुलंबाळं आणि छापखाना, सगळं ॲनावर आलं. फक्त एक अंक चुकला. पुढच्याच सोमवारी अंक निघाला! त्यात पीटरने वाचकांना कळवलं, की तुरुंगाच्या दाराच्या फटीतून बायकोशी आणि नोकरांशी बोलायची परवानगी मिळाली आहे. दाराशी उभं राहायचं, काय छापायचं ते ऐकायचं आणि परत येऊन कामाला लागायचं. असं जवळजवळ नऊ महिने चाललं. न्यायाधीशांनी पीटरच्या वकिलांची सनदच रद्द केली. तेव्हा फिलाडेल्फियाहून अँड्र्यू हॅमिल्टन हे नामांकित वकील आले. ‘छापलेलं खरं असेल, तर ती बदनामी कशी?’ असा त्यांचा मुद्दा. तेव्हाचा कायदा तसा नव्हता, तरी ४ ऑगस्ट १७३५ रोजी ज्यूरीने पीटरला निर्दोष ठरवलं. वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या इतिहासात हा खटला आजही सांगितला जातो.

पण नाव झालं पीटरचं आणि हॅमिल्टनचं. ॲनाचं नाव अंकावर आलं ते १७४६ मध्ये पीटर गेल्यावर, तेही ‘विधवा कॅथरीन झेंगर’ असं! तरी तिने दोन वर्षं पत्र चालवलं आणि मग सावत्र मुलाच्या हाती सोपवलं.

नवरा आजारी पडला की दुकान सांभाळणारी, शेताची पाळी चुकू न देणारी बाई आपल्या गल्लीतही असते. सगळे म्हणतात, ‘तिने हातभार लावला.’ हातभार कसला? त्या दिवसांत सगळा भारच तिच्यावर असतो!

तेव्हा आज एवढंच करा. सासूबाईंना किंवा आईला पणजीचं नाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा. तिने काय काय निभावलं, तेही लिहा.