चित्रावरचें झांकण

दृश्यकादंबरी हा संगणकावरील खेळाचा एक प्रकार आहे. मागें स्थळाचें चित्र, पुढें पात्राचें चित्र आणि खालीं संवादाच्या ओळी, असा त्याचा थाट असतो. हा प्रकार नवा वाटला, तरी पडद्यावर चित्र आणि जोडीला निवेदन ही जोडी महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें जादूच्या दिव्याचे खेळ करीत. काचेवर रंगविलेलीं चित्रें पडद्यावर पडत आणि कथा सांगितली जाई.

अशा काचेवर पात्राभोंवतीं काळा रंग लावला म्हणजे तेथून प्रकाश जात नाहीं व पडद्यावर केवळ आकृति उमटते. परंतु दुसऱ्या दिव्यानें त्याच जागीं राजवाडा दाखविला, तर दोन प्रकाशांची बेरीज होऊन राजाच्या अंगांतून खांब दिसूं लागतील. काळा रंग आकृतीभोंवतालची जागा लपवितो. आकृतीमागची वस्तु झांकीत नाहीं. पुढें चित्रपटवाल्यांनीं यावर उपाय योजिला. फिल्मचा एक भाग झांकून एक दृश्य घ्यावयाचें, फिल्म मागें गुंडाळून आतां दुसरा भाग झांकावयाचा व दुसरें दृश्य घ्यावयाचें. या झांकणासच मास्क म्हणतात.

संगणकांत हेंच झांकण आंकड्यांचें झालें. चित्राच्या प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे आंकडे असतात. त्यांच्या जोडीस ‘अल्फा’ हा चौथा आंकडा येतो. ० म्हणजे बिंदु अदृश्य, २५५ म्हणजे पूर्ण दृश्य. अशा चित्रांचा मेळ घालण्याचें गणित थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनीं १९८४ सालीं मांडलें.

एक उदाहरण घेऊं. मागें सेवाग्रामची बापू कुटी आहे आणि पुढें चरख्यावर सूत काततांना एक मुलगी. मुलीच्या देहावर मास्क पांढरा हवा, चाकाच्या आऱ्यांमधील मोकळ्या जागीं काळा. नाहींतर कुटीची भिंत त्या फटींतून दिसणार नाहीं. सुताचा तंतु मात्र बिंदूहूनही बारीक. तेथें मास्क करडा असतो. आंकडा ६४ असल्यास सुमारें पाव हिस्सा सुताचा व पाऊण हिस्सा भिंतीचा रंग मिसळतो. या करड्या छटा गाळून नुसतें काळें-पांढरें झांकण केलें, तर सूत तुटक व केंस करवतीसारखे दिसतात.

नवशिक्यास सर्वांत अधिक छळते ती पांढरी किनार. मूळ चित्र पांढऱ्या कागदावर काढलेलें असतें. कडेच्या बिंदूंत तो पांढरा रंग आधींच मिसळलेला असतो. झांकण कितीही नेटकें केलें तरी संध्याकाळच्या दृश्यावर मुलीभोंवतीं फिकट रेघ उमटते आणि पात्र चिकटविल्यासारखें वाटतें. यासाठीं पदराचा, केंसांचा रंग कडेच्या थोडा पलीकडे पसरूं द्यावा. कड कापण्याचें काम मास्कवर सोंपवावें. पारदर्शक चित्र पीएनजी प्रकारांत ठेवावें. जेपेगांत चौथ्या आंकड्यास जागा नसते.

दृश्यकादंबऱ्यांसाठीं ‘रेनपाय’ हें साधन पुष्कळ वापरलें जातें. त्यांतील ‘अल्फामास्क’ मास्कचा काळा-पांढरा रंग पाहत नाहीं, त्याचा अल्फा पाहतो. साध्या करड्या चित्राचा अल्फा सर्वत्र पूर्ण असल्यानें कांहींच झांकलें जात नाहीं, आणि कर्ता विनाकारण रेखाटनांत चूक शोधीत बसतो. म्हणून मास्कमध्यें जेथें चित्र लपवावयाचें तेथें काळा रंग भरूं नये. तो भागच पारदर्शक ठेवावा.

झांकण बरोबर झालें कीं नाहीं, हें एका गडद व एका उजळ पार्श्वभूमीवर पात्र ठेवून पाहावें. दोन्हीकडे कड नजरेस आली नाहीं, म्हणजे काम साधलें. मग वाचकाचें लक्ष कडेवर न अडतां त्या मुलीच्या कथेकडे जातें.