धावत्या कोडमध्ये डोकावताना

नोडजेएसच्या सर्व्हरमध्ये आपला जावास्क्रिप्ट कोड मुख्यतः एकाच थ्रेडवर धावतो. एक फंक्शन रेंगाळले, की मागच्या सगळ्या विनंत्या ताटकळतात. मग या थ्रेडचा वेळ नेमका जातो कुठे? प्रत्येक फंक्शनला घड्याळ लावावे, तर मोजमापाच्या ओझ्यानेच सर्व्हर मेटाकुटीला येईल.

यावरची युक्ती मला अजूनही थक्क करते. सगळे मोजायचेच नाही! लिनक्सवर प्रोफायलर, म्हणजे हा वेळ शोधणारे साधन, ठरावीक अंतराने त्या थ्रेडला सिगप्रॉफ नावाचा सिग्नल धाडते. थ्रेड हातातले काम क्षणभर सोडतो, नोडमधले जावास्क्रिप्ट चालवणारे व्हीएट इंजिन त्याचा स्टॅक टिपून घेते, म्हणजे आत्ता कोणते फंक्शन चालू आहे, त्याला कुणी बोलावले, त्या बोलावणाऱ्याला कुणी. आणि काम होते तिथून पुढे सुरू. शितावरून भाताची परीक्षाच ही, फक्त दर १० मिलिसेकंदांनी नवे शीत. तासाला ३,६०,००० नमुने! १० टक्के वेळ खाणारे फंक्शन त्यांतल्या ३६,००० च्या आसपास नमुन्यांत सापडणारच. काही प्रोफायलर सेकंदाला १०० ऐवजी मुद्दाम ९९ नमुने घेतात. सर्व्हरमधले एखादे काम १० मिलिसेकंदांच्याच ठेक्यावर चालत असेल, तर ते एकतर दर वेळी दिसेल किंवा कधीच दिसणार नाही. ९९ मुळे तो ठेका चुकतो.

नमुन्यांच्या या ढिगाचे चित्र म्हणजे फ्लेम ग्राफ. ब्रेंडन ग्रेग यांनी तो २०११ मध्ये तयार केला. त्यात फंक्शनची पट्टी जितकी रुंद, तितका त्या फंक्शनचा वेळ. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो असे नवख्याला वाटते. खरे तर पट्ट्या वर्णानुक्रमे लावलेल्या असतात.

या चित्राची ताकद नेटफ्लिक्सने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या हकिकतीत दिसते. त्यांच्या नोड सर्व्हरचा प्रतिसाद दर तासाला १० मिलिसेकंदांनी मंदावत होता, आणि मेमरी मात्र जागच्या जागी. फ्लेम ग्राफमध्ये एक्स्प्रेस या फ्रेमवर्कचे राउटर स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावताना दिसले. कोड दर तासाला तोच स्टॅटिक हँडलर १० वेळा यादीत घालत होता, आणि यादीतल्या प्रत्येक हँडलरवरून पुढे जायला सुमारे एक मिलिसेकंद. हिशेब तंतोतंत जुळला!

असा दोष एका क्षणाच्या तपासणीत दिसला तरी तो वाढतो आहे हे कळत नाही. म्हणून प्रोफायलर सतत चालू ठेवायचा. गूगलने आपल्या डेटा सेंटरमधल्या अशा पद्धतीवर २०१० मध्येच शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. नोडमध्ये आज पायरोस्कोपसारख्या साधनाचे पॅकेज घ्यायचे, ॲप सुरू होतानाच ते चालू करायचे, सर्व्हिसचे नाव आणि व्हर्जनचे लेबल द्यायचे. नमुने गोळा होऊन वेळोवेळी साठवणीत जातात. मग कालच्या व्हर्जनचा ग्राफ आजच्यातून वजा करता येतो आणि कोणती पट्टी फुगली ते रंगावरून दिसते.

टाइपस्क्रिप्ट वापरत असाल, तर सोर्स मॅप जोडायला विसरू नका. आणि फंक्शनांना नावे द्या, नाहीतर सर्वांत रुंद पट्टीवर नुसते ‘ॲनॉनिमस’ लिहिलेले सापडेल.