कोरी सुई, हाताशी

डिस्पोजेबल सिरिंजचं पाकीट उलटून पाहिलं, तर त्याची एक बाजू पारदर्शक प्लास्टिकची आणि दुसरी कागदाची दिसते. हा कागद साधा नसतो. सिरिंज पाकिटात बंद झाल्यावर कारखान्यात तिच्यावर इथिलीन ऑक्साइड वायू सोडतात. कागदाच्या सूक्ष्म छिद्रांतून तो आत शिरतो, जंतू मारतो आणि पुन्हा बाहेर काढला जातो. नंतर बाहेरच्या जंतूंना मात्र या कागदातून वाट मिळत नाही. अट एवढीच, कागद अखंड आणि कोरडा हवा. तो भिजला, की वरची एक्स्पायरीची तारीख कितीही पुढची असो, ती सिरिंज निर्जंतुक धरायची नाही. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा मुलखात पावसाळ्यात ही पाकिटं कोरडी राहणं, आणि आधी मुळात तिथे असणं, यावर बरंच काही ठरतं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत सुईवर लोकांचा मोठा भरवसा आहे. सुई न लावता नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर अनेकांना अर्धाच वाटतो. याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. या भरवशाला अनुभवाचा आधार आहे. १९५०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने यॉज या त्वचारोगाविरुद्ध मोहिमा झाल्या, तेव्हा पेनिसिलिनच्या एकाच इंजेक्शनने वर्षानुवर्षांचे व्रण काही दिवसांत सुकू लागले. जगभरातल्या जंगलपट्ट्यांत सुईची ख्याती अशीच पसरली. २०१६ मध्ये भारत यॉजमुक्त जाहीर झाला, पण सुईवरचा विश्वास मागे राहिला. त्याचा फायदा घेणारे बोगस डॉक्टरही राहिले.

खरा धोका आहे तो एकच सिरिंज दुसऱ्याला वापरण्यात. नुसती सुई बदलली की भागतं, असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. इंजेक्शन देताना आणि सुई काढताना रक्ताचा सूक्ष्म अंश मागे नळीतही खेचला जातो. डोळ्यांना तो दिसत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. हा विषाणू असलेल्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर संसर्गाची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीच्या बाबतीत ती साधारण ०.३ टक्के असते. सुई स्पिरिटने पुसून यातलं काही टळत नाही. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा इथे हिपॅटायटिस बीची जीवघेणी साथ आली, ती पुन्हा वापरलेल्या सिरिंजमुळेच. इंडियाक्लेन या वैद्यकीय संशोधकांच्या गटाच्या देशव्यापी पाहणीत सुमारे ६३ टक्के इंजेक्शनं असुरक्षित आढळली होती.

म्हणून गडचिरोलीत १९९०च्या दशकात जे घडलं, ते मला फार मोलाचं वाटतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या महिलांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची, आणि वेळ आलीच तर घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. दोन-अडीच किलोच्या बाळाची मांडी ती केवढी! तिथे औषध किती भरायचं, कुठे टोचायचं, हे चुकून चालत नाही, आणि जंतुसंसर्गावर उपाय म्हणून दिलेल्या सुईनेच नवा संसर्ग नेऊनही चालत नाही. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या या अभ्यासात संसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं होतं. तिसऱ्या वर्षी तिथला एकूण नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होता. गावातल्या बाईच्या हाती सुई देणं धोक्याचं, असं म्हणणाऱ्या तज्ज्ञांनी हे आकडे पुन्हा पुन्हा वाचावेत. शिक्षण किती, यापेक्षा शिकवलं कसं, देखरेख कशी आणि साहित्य हाताशी आहे का, हे प्रश्न मोठे होते.

पुढे २०११ मध्ये नवजात बाळांसाठी आशा कार्यकर्तींच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. २०१४ मध्ये एएनएमना, म्हणजे उपकेंद्रांतल्या नर्सना, नवजात बाळाला जेंटामायसिन देण्याची परवानगी मिळाली. मला वाटतं, हे फार उशिरा झालं.

सिरिंजही बदलली आहे. लसीकरणात भारताने २००५पासून आपोआप निकामी होणारी सिरिंज आणली. दट्ट्या एकदा पूर्ण दाबला की आतली पकड त्याला अडवते आणि तो पुन्हा मागे ओढता येत नाही. इथे कुणाच्या प्रामाणिकपणावर विसंबावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये उपचाराच्या इंजेक्शनांसाठीही अशाच सिरिंजांचा आग्रह धरला, पण बाजारात आजही साधी सिरिंज सर्रास विकली जाते.

साध्या सिरिंजला चिठ्ठी लागत नाही आणि ती काही रुपयांत मिळते. अडचण अंतराची आहे. मेडिकल दुकान बहुधा तालुक्याच्या गावी, एटापल्लीत, धानोऱ्यात, सिरोंच्यात. रात्री तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन कुणी तिथवर जात नाही. हाकेच्या अंतरावर जो आहे, त्याच्याकडे जातात. त्याच्या डब्यातली सुई कितव्यांदा वापरली जाते आहे, हे विचारायची सोय नसते. म्हणून आशाताईकडे मलेरियाच्या चाचणीचं किट आणि माणशी एक नवी लॅन्सेट असणंही याच सुरक्षेचा भाग आहे. बोट टोचणारी ती बारीक सुईसुद्धा दोघांत वापरायची नसते. तिथेच निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, की तापावरची निरुपयोगी सुई टळते.

ज्याला खरोखर इंजेक्शन हवं, त्याच्या नातेवाइकाने पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं. ते कोरडं आहे का, आधी उघडलेलं तर नाही, हे पाहावं, आणि वापरलेली सुई लगेच हब कटरने तोडली जाते का, तेही. हे सांगण्यासाठी पोस्टर पुरत नाही, आशाताईने अंगणात बसून दोनदा दाखवावं लागतं. उपकेंद्रांतला सिरिंजचा साठाही पूर येण्याआधी, मे महिन्यातच, हवाबंद डब्यांत पोहोचवायला हवा.