मायेला पुराव्याची जोड

घरात बाळ आले, की सोलापूर जिल्ह्यातील खेड्यांत आशा स्वयंसेविका भेटीस येते. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते, त्यास उबदार ठेवावयास सांगते. ही रीत कशी ठरली?

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्या स्त्रियांना अशी शुश्रूषा शिकविली. ३९ गावांत ती दिली; ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. दोन्हीकडील जन्ममृत्यूंची नोंद ठेवली. तुलनेअंती, शुश्रूषा मिळालेल्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०११ पासून ही पद्धत देशभर आली.

शुश्रूषेत माया हवीच. परंतु कोणता उपाय खरोखर जीव वाचवितो, हे नोंदीच सांगतात.