एका फुप्फुसाच्या प्रतिरोपणानंतर होणारे आकारमानातील बदल

हृदयाचे प्रतिरोपण झाले म्हणजे रोगट हृदयाचा प्रश्न तेथेच संपतो. मूत्रपिंडाच्या प्रतिरोपणात जुनी मूत्रपिंडे बहुधा जागच्या जागी राहतात, परंतु नव्या मूत्रपिंडाच्या कामात ती ढवळाढवळ करीत नाहीत. एकाच फुप्फुसाचे प्रतिरोपण केले असता मात्र असे होत नाही. एका बाजूस निरोगी आणि दुसऱ्या बाजूस रोगट अशी दोन भिन्न स्वभावांची फुप्फुसे एकाच छातीत, एकाच श्वासनलिकेवर आणि एकाच मध्यपटलावर वर्षानुवर्षे नांदत राहतात. ह्या सहवासाचे परिणाम पुढे फुप्फुसांच्या आकारमानात दिसतात, आणि त्यांचा अर्थ लावताना झालेली चूक रोग्यास फार महाग पडू शकते.

मनुष्याच्या फुप्फुसाचे पहिले प्रतिरोपण जेम्स हार्डी ह्यांनी ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात जॅक्सन येथे केले. ते डाव्या फुप्फुसाचे होते व रोगी १८ दिवस जगला. दीर्घकाळ टिकलेले पहिले यश त्यानंतर वीस वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९८३ रोजी, टोरांटो येथे जोएल कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांना लाभले. त्यांचा रोगी फुप्फुसाच्या तंतुमयतेने ग्रस्त होता, आणि ही निवड हेतुपुरस्सर होती. तंतुमय फुप्फुस ताठर असते व त्यातील रक्तवाहिन्यांचा रोधही वाढलेला असतो. त्यामुळे हवा आणि रक्त ही दोन्ही आपोआप नव्या फुप्फुसाकडे वळतात. वातस्फीतीच्या, म्हणजे एम्फिसीमाच्या, रोग्यांत उलट घडेल अशी त्या काळी भीती होती. रक्त नव्या फुप्फुसाकडे जाईल, हवा मात्र जुन्या सैल फुप्फुसात भरत राहील आणि ते फुगून नव्यास दाबून टाकील, असा तो तर्क होता. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील शल्यविशारदांनी वातस्फीतीतही ही शस्त्रक्रिया यशस्वी होऊ शकते हे दाखविले. तर्क अतिरंजित ठरला. पण सर्वस्वी खोटा ठरला नाही.

ह्याचे कारण पाहू गेल्यास फुप्फुसाच्या स्थितिस्थापकत्वाकडे वळावे लागते. निरोगी फुप्फुस रबरी फुग्याप्रमाणे सतत आक्रसू पाहते, आणि छातीचा पिंजरा त्यास बाहेर ओढून धरतो. वातस्फीतीत वायुकोशांच्या भिंती नष्ट झाल्याने आक्रसण्याची ही ओढ क्षीण होते. थोड्याशा दाबानेही असे फुप्फुस पुष्कळ फुगते, आणि उच्छ्वासाच्या वेळी त्यातील हवा लवकर बाहेर पडत नाही. दोहोंच्या मधली मध्यवक्षाची भिंत मऊ आहे. साहजिकच ती जोरदार ओढीच्या, म्हणजे नव्या फुप्फुसाच्या, बाजूस सरकते. क्ष-किरण चित्रात हे सरकणे स्पष्ट दिसते. दीर्घ श्वासाच्या अखेरीसही नव्या फुप्फुसास स्वतःची पूर्ण धारिता गाठण्याइतकी जागा मिळेलच असे नाही.

येथे आकारमान आणि कार्य ह्यांत गल्लत होता कामा नये. जुने वातस्फीत फुप्फुस छातीतील निम्म्याहून अधिक जागा व्यापून बसले, तरी वायुवीजनाचा व रक्तप्रवाहाचा मोठा वाटा, बहुधा तीन चतुर्थांशांच्या आसपास, नव्या फुप्फुसाकडेच असतो. जागा अडविणारा एक आणि काम करणारा दुसरा, असा हा संसार आहे. वातस्फीतीच्या रोग्यांत पहिल्या सेकंदातील उच्छ्वासमान शस्त्रक्रियेपूर्वी अपेक्षित मानाच्या एक चतुर्थांशाहूनही कमी असू शकते. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत ते साधारणतः निम्म्यापर्यंत किंवा किंचित अधिक वाढते. उच्छ्वासाच्या आलेखातही दोन पायऱ्या दिसतात: आरंभी नव्या फुप्फुसातून झपाट्याने बाहेर पडणारी हवा, आणि मागाहून जुन्यातून रेंगाळत येणारी.

तंतुमयतेत चित्र उलटे असते. जुने फुप्फुस आक्रसते, मध्यवक्ष त्याच्याकडे ओढला जातो, आणि नव्या फुप्फुसास पसरण्यास जागा मिळते. अस्वीकार टाळण्यासाठी दिलेली औषधे चालू असतानाही जुन्या फुप्फुसातील तंतुमयता वाढत राहते. म्हणून नवे फुप्फुस ठणठणीत असूनही वर्षागणिक एकूण धारिता घटू शकते.

खरी अडचण मापनाची आहे. स्पायरोमीटर तोंडातून येणारी हवा मोजतो. प्लेथिस्मोग्राफ बॉइलच्या नियमाच्या आधारे छातीतील सर्व वायू मोजतो, कोंडलेलाही. (हीलियम मिसळून मोजण्याच्या पद्धतीत हा कोंडलेला वायू बराचसा निसटतो, म्हणून वातस्फीतीच्या रोग्यांत तिच्यावर विसंबू नये.) तथापि ही सर्व उपकरणे बेरीजच सांगतात, आणि बेरजेवरून तिच्यातील संख्या ओळखता येत नाहीत.

उदाहरणादाखल एक कल्पित रोगी घेऊ. वातस्फीतीसाठी त्याचे उजवे फुप्फुस बदलले आहे आणि पहिल्या सेकंदातील त्याचे सर्वोत्तम उच्छ्वासमान १.८ लिटर आहे. त्यांपैकी सुमारे दीड लिटर नव्या फुप्फुसाचे धरू. तीन वर्षांनी हेच मान १.४ लिटर भरले. ही घट बावीस टक्क्यांची आहे. प्रस्थापित व्याख्येनुसार किमान तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन सर्वोत्तम मापांची सरासरी ही आधाररेषा असते, आणि तीपासून वीस टक्के किंवा अधिक घट टिकून राहिली म्हणजे दीर्घकालीन अस्वीकाराचा संशय घ्यावा लागतो. परंतु ही घट दोन अगदी निराळ्या मार्गांनी येऊ शकते. नव्या फुप्फुसातील सूक्ष्म श्वासनलिका व्रणतंतूंनी बुजत असतील. किंवा नलिका निर्दोष असून फुगत चाललेले जुने फुप्फुस नव्यास दाबीत असेल. पहिल्या प्रकारात अझिथ्रोमायसिन आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची फेरआखणी ह्यांचा विचार होतो. दुसऱ्यात त्या औषधांचा मारा वाढविणे म्हणजे निष्कारण संसर्गास निमंत्रण देणे होय; तेथे निवडक रोग्यांत जुन्या फुप्फुसाचा फुगलेला भाग काढून टाकणे उपयोगी ठरते.

एकूण धारितेवरून निवाडा होईल असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण अस्वीकाराचा एक आक्रसणारा प्रकारही आता ओळखला जातो. त्याचे वर्णन टोरांटोच्या संशोधकांनी २०११ साली केले, आणि त्यात एकूण धारिता आधाररेषेच्या नव्वद टक्क्यांवर किंवा त्याखाली येते. दोन्ही फुप्फुसे बदललेल्या रोग्यात ही कसोटी बरी चालते. एकच बदललेले असेल तर ती दोन्ही दिशांनी फसवते. वातस्फीतीत नवे फुप्फुस आक्रसत असता जुने तेवढेच पसरले, तर बेरीज जागची हलत नाही आणि रोग लपून राहतो. तंतुमयतेत नव्यास काहीही झालेले नसता केवळ जुन्याच्या आक्रसण्याने बेरीज घटते, आणि नसलेला रोग दिसू लागतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रातही जुन्या फुप्फुसाच्या फुगण्यासारखी कारणे आधी वगळावीत असे सांगितले आहे, ते ह्याचमुळे.

ह्यावर उपाय म्हणजे प्रत्येक फुप्फुसाचे आकारमान पृथक् मोजणे, आणि ते सी. टी. चित्रणाने शक्य होते. पूर्ण श्वास घेऊन एकदा व पूर्ण सोडून एकदा असे दोनदा चित्रण केल्यास दोन्ही आकारमानांतील फरकावरून कोणते फुप्फुस खरोखर हलते हेही कळते. मात्र प्रकृती स्थिर असताना, पहिल्या वर्षातच, असे एक चित्रण करून ठेवलेले असावयास हवे; घट सुरू झाल्यावर केलेल्या पहिल्याच चित्रणाची तुलना कशाशीही करता येत नाही. शिवाय सी. टी. चित्रण रोग्यास उताणे निजवून होते, तर प्लेथिस्मोग्राफात तो बसलेला असतो. उताण्या स्थितीत मध्यपटल वर सरकते व पूर्ण श्वासाचे आकारमान काहीसे कमी भरते, म्हणून चित्रणातील दोन फुप्फुसांची बेरीज प्लेथिस्मोग्राफच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही. तुलना करावयाची ती चित्रणाची चित्रणाशी, आणि उजव्याची उजव्याशी.