पोटात राहिलेले वृषण आणि उभ्या घोड्यावरची शस्त्रक्रिया

शिंगराची वृषणे जन्मापूर्वी पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होतात. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. त्यातल्या शेवटच्या महिन्यात किंवा जन्मानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत वृषणे जांघेतील नळीतून उतरून पिशवीत येतात. काही शिंगरांत एक, क्वचित दोन्ही वृषणे वाटेतच राहतात. डावे अडकले तर ते बहुधा पोटात सापडते, उजवे बहुधा जांघेत.

शरीराच्या उष्णतेमुळे अशा वृषणात शुक्रजंतू तयार होत नाहीत, पण टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक तयार होत राहते. खरी अडचण इथेच आहे. खाली उतरलेले एकच वृषण काढून घोडा ‘खच्ची’ म्हणून विकला जातो आणि नव्या मालकाच्या तबेल्यात तो घोडी दिसताच खिंकाळतो, चावतो, अंगावर धावतो. त्याची किंमत मोजतो तो रोज हाताळणारा मोतद्दार.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्याचे रेसकोर्स 1830 सालचे आहे, देशातील थरोब्रेड घोड्यांच्या वंशावळी नोंदणारी संस्था पुण्यातच आहे, आणि शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीत ‘येरवडा स्टड’ हे नाव जुने आहे. सारंगखेडा, माळेगाव, अकलूज इथल्या घोडेबाजारांत गिऱ्हाइकालाही हाच प्रश्न पडतो: समोरचा घोडा खरोखर खच्ची आहे का?

त्याचे उत्तर आधी हाताने तपासून आणि सोनोग्राफीने शोधतात. तरीही शंका राहिली तर रक्ततपासणी होते. टेस्टोस्टेरॉन मोजतात, किंवा एचसीजी या संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन ते वाढते का हे पाहतात. वृषणातूनच स्रवणारे एएमएच हे संप्रेरक रक्तात सापडले, तर वृषण अजून शरीरात आहे हे जवळपास नक्की होते.

पूर्वी अशा घोड्याला पूर्ण भूल देऊन, उताणा पाडून जांघेजवळ चीर घेत. ती पद्धत आजही वापरात आहे, पण पूर्ण भूल घोड्याला माणसापेक्षा कितीतरी पटींनी घातक ठरते. मोठ्या पाहण्यांत भुलीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आढळले आहे. साडेचारशे-पाचशे किलोचे शरीर तासभर आडवे राहिले की दाबाखालच्या स्नायूंना आणि नसांना इजा होऊ शकते. शुद्धीवर येताना घोडा धडपडत उठतो, त्यात पायाचे हाडही मोडू शकते.

हा धोका टाळण्यासाठी घोडा उभा ठेवूनच दुर्बिणीने शस्त्रक्रिया करण्याची पद्धत 1990च्या दशकात पुढे आली. घोड्याला आधी एक-दीड दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे आतडी रिकामी होऊन आतले दिसते. मग त्याला खोड्यात उभे करून गुंगीचे औषध देतात आणि डोक्याला आधार लावतात. भकाळीची कातडी व स्नायू स्थानिक भुलीने बधिर केले जातात. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची तीन छिद्रे पाडून एकातून कॅमेऱ्याची दुर्बीण, बाकीच्यांतून अवजारे आत जातात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरल्याने आतडी आणि पोटाची भिंत यांत जागा होते. वृषण सहसा जांघेतील नळीच्या आतल्या तोंडाजवळच दिसते. त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात भूल टोचायची, रक्तवाहिन्या गाठीने किंवा विजेच्या उपकरणाने बंद करायच्या, देठ कापायचा आणि एक छिद्र थोडे मोठे करून वृषण बाहेर काढायचे. रक्तवाहिनी डोळ्यांसमोर बंद होते, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण.

ती सरसकट लागू पडत नाही. वृषण जांघेत असेल तर बाहेरूनच काढणे अनेकदा सोपे ठरते. बुजरा घोडा किंवा फार लहान तट्टू खोड्यात नीट उभे राहत नाही. पहिले छिद्र पाडताना डावीकडे प्लीहेला, उजवीकडे आतड्याला टोच बसू शकते. उपकरणे महागडी आहेत आणि त्यांवर हात बसलेला पशुशल्यचिकित्सक हवा.

जखमा लहान असल्याने साधारण दोन आठवड्यांत घोडा हलक्या कामाला लागतो. संप्रेरक लवकर उतरते, पण सवयीने मुरलेला आडदांडपणा ओसरायला काही महिने लागू शकतात, आणि काहींत तो राहतोही. दुसरे वृषण खाली उतरलेले असेल, तर नलिकांत उरलेले शुक्रजंतू लक्षात घेऊन महिनाभर घोड्याला घोडीपासून दूर ठेवावे.

एकच वृषण दिसणारा घोडा पैदाशीला वापरू नये, कारण हा दोष वंशात उतरत असल्याचे मानले जाते. आणि अडकलेले वृषण सापडेपर्यंत कोणत्याही मालकाने दिसणारे वृषण काढून घेऊ नये.